पाणी विचारत नाही

बाळूदादा, बसा. चटई तिथेच राहू द्या, दिव्यापासून जरा लांब. चहापाणी विचारत नाही, राग मानू नका. तहान लागली तर ही सीलबंद बाटली आणून ठेवली आहे, समोरच्या टपरीवरून. तीच फोडा. या घरातलं पाणी पिऊ नका. का ते सांगायलाच तुम्हाला बोलावलंय. सकाळी तुम्ही रिक्षा काढलीत म्हणून आई वाचली, तेव्हा तुमच्यापासून लपवण्यासारखं काही नाही.

काल दुपारी मी पीठ दळायला निघालो होतो. आत्याने पायलीभर तांदूळ पिशवीत घालून दिले होते. आपल्याकडे दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी माणूस गेला त्या जागी पीठ पसरतात, मधे दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून पिठात कसलं पाऊल उमटलंय ते बघायचं. पक्ष्याचं, गुराचं, माणसाचं. ज्याचं पाऊल, तो पुढचा जन्म म्हणतात. मला यात कधी काही वाटलं नव्हतं. बाबांच्या वेळी मी मोबाईल बघत बसलो होतो. पण ताईच्या वेळी मला ते पीठ आपल्या हाताने आणायचं होतं.

सुतकातलं दळण गिरणीवाला शेवटी घेतो, म्हणून तासभर बाहेर थांबलो. ऊन होतं. सुकापूरच्या त्या नव्या टॉवरांच्या मधून एक विमान इतकं खालून गेलं, की गिरणीच्या पत्र्यावरचं पीठ उडालं. गरम पिशवी छातीशी धरून परत येताना मेडिकलवरून आलो. काउंटरवर निनाद होता. त्याने हात केला.

"परेश, ताईंना सांग, नवीन चिठ्ठी आणा म्हणावं. ती लॅमिनेशनवाली आता चालणार नाही. तपासणी चालू आहे."

मी थांबलो. "निनाद, ताई गेली. आज नववा दिवस आहे."

तो हसायला लागला आणि मधेच थांबला. "काय बोलतोस... काल तर नेली की स्ट्रिप."

"कोणी?"

"मी नव्हतो. काका बसले होते. पण रजिस्टरला नाव आहे ना." त्याने वही उघडून बोट ठेवलं. मंगळवार. मनस्वी. ताईचंच नाव, पुढे तिच्या गोळीचं. "घरातलंच कोणीतरी असणार रे. ती चिठ्ठी बाहेर कोणाकडे असते?"

तेवढ्यात एक बाई खोकल्याचं औषध मागायला आली. निनादने वही मिटली आणि मला नजर देईना.

आता ती चिठ्ठी काय ते ऐका. माझीच करणी आहे.

उलव्याला बाबा डंपरखाली गेले, तेव्हा ताई त्यांचा डबा घेऊन तिथेच उभी होती. त्यानंतर तिची छाती धडधडायची. ब्लाउज शिवता शिवता मशीन थांबवून भिंत धरायची. पनवेलच्या डॉक्टरने गोळी लिहून दिली. रात्री अर्धी, पंधरा दिवस. पंधरा दिवसांनी परत या. ती गेली नाही. गोळीने झोप लागते, मग परत कशाला जायचं? अर्धीची एक झाली. एकीच्या दोन झाल्या. मशीनवर डोकं टेकून भर दुपारी झोपायला लागली. कधी शेजारच्या भामाकाकूला दोन काढून द्यायची, कधी मागच्या गल्लीतल्या सुनेला. वाटीभर साखर द्यावी तशी. कागदाच्या पुडीत गोळ्या घराघरात फिरायच्या, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एकदा मी भडकलो. सगळ्या स्ट्रिपा उचलल्या आणि गाढी नदीच्या पुलावरून खाली फेकल्या. वाटलं, काम झालं. तिसऱ्या दिवशी ताईचे हात थरथरायला लागले. झोप नाही, अंगभर घाम, भिंतीतून माणसं बोलतात म्हणाली. मग डोळे फिरले आणि अंग ताठ झालं. हे गोळी एकदम तोडल्यामुळे होतं, डॉक्टरच ती हळूहळू उतरवतो, हे मला आज सकाळी कळलं. तेव्हा मी घाबरून मेडिकलला पळालो. निनाद म्हणाला, चिठ्ठी जुनी आहे, घडीवर फाटली आहे, आणि दिल्याचा शिक्का मारलेला आहे. मी हातापाया पडलो तेव्हा त्याने दिली.

मग मी शहाणपणा केला. चिठ्ठी झेरॉक्सवाल्याकडे नेली. त्याने घड्या आणि शिक्का जाईल अशी साफ प्रत काढली, आणि मी ती लॅमिनेट करून घेतली. आधार कार्ड करतात तशी. फाटायला नको, ताईला त्रास नको. बहिणीसाठी केलं हो.

प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. निनाद मारायचा. जांभळा, ओला. ताई दुकानाच्या पायरीवरच थुंकी लावून अंगठ्याने तो पुसून टाकायची. निनाद बघून न बघितल्यासारखं करायचा. चिठ्ठी पुन्हा कोरी. ताई डावखुरी होती. तिचा डावा अंगठा कायम जांभळा असायचा. आई विचारायची तर म्हणायची, खडूचा रंग आहे. चिठ्ठी बटणांच्या डब्यात ठेवायची.

गेल्या महिन्यात तिची पाठ धरली. दुसऱ्या डॉक्टरने दुखण्याची जोरकस गोळी दिली. तिने त्याला झोपेच्या गोळीचं सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी दोन्ही घेऊन इथे, आता दिवा आहे तिथे आडवी झाली. मी शेजारी जेवत होतो. घोरत होती. मला वाटलं गाढ झोपली. नंतर घोरणं थांबलं, तर मला बरंच वाटलं. शांतपणे जेवता आलं मला. हॉस्पिटलात म्हणाले, दोन औषधं मिळून श्वास हळूहळू कमी झाला. शेजारी कोणी असतं तर...

मी होतो शेजारी.

असो. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आम्ही मोऱ्याच्या बंदरावर गेलो. जेट्टीच्या टोकाला उभं राहून मी मडकं पाण्यात सोडलं आणि त्याच्यामागे ती चिठ्ठी भिरकावली. चुलत्यांनी बघितलं. लाटेवर एकदा चमकली आणि गेली. हे ध्यानात ठेवा.

तर काल मी पीठ घेऊन घरी आलो. घर सामसूम होतं. दुपारचे चार वाजले असतील. आत्या मागे भांडी घासत होती. आई पलंगावर, तोंड उघडं. मी दोनदा हाक मारली तेव्हा डोळे किलकिले झाले.

"आये, काय होतंय?"

"काय नाय रे. झोप येते. आता बरी झोप येते."

जीभ जड होती तिची. पलंगाखाली पितळेचा पेला होता. आमच्याकडे तसे चार आहेत. मी तो उचलला. पेल्याच्या काठाच्या जरा खाली जांभळा अंगठा उमटला होता. स्पष्ट. डाव्या हाताने पेला धरला तर जिथे पडेल तिथे.

"हे पाणी तुला कोणी दिलं?"

आई हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा हसली. "मनू देते. गोळीबी देते. आपली पोर हाय ती... आयला इसरंल काय?"

माझं डोकं फिरलं. मला भुताची भीती नाही वाटली, बाळूदादा. मला माणसाचा संशय आला. ताईचं नाव घेऊन कोणीतरी गोळ्या आणतंय आणि माझ्या आईला चारतंय. घरात आम्ही तिघंच. मी, आई, आत्या. आत्या पहिल्या दिवसापासून मुक्कामाला. पहिल्या दिवशी मी भिंतीवर डोकं आपटत होतो, तेव्हा तिनेच मला अर्धी गोळी दिली होती, ताईच्या उरलेल्या पुडीतून. त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं, की माझ्या उशाशी पेला आणि कागदावर अर्धी गोळी ठेवलेली असायची. मी घ्यायचो. हो, घ्यायचो. ताईला जिने नेलं तीच गोळी. त्या वेळी झोपेशिवाय काही नको होतं मला.

मी आत्याची पिशवी ओटीवर उपडी केली. लुगडी, तंबाखूची डबी, फणी, आणि एक कागदाची पुडी. आत गोळ्या.

"या काय आहेत?"

आत्या ओले हात पुसत आली. "बीपीच्या हायेत माज्या. तू माजी पिशवी कनाला उचकलीस?"

"आईला काय चारतेस?"

"काय?"

"बाबांची बहीण आहेस म्हणून गप्प बसणार नाही. रोज माझ्या उशाशी गोळी ठेवतेस. आईलाही देतेस. झोपवून काय करायचंय आम्हाला? बाबांच्या वाट्याची जागा पाहिजे तुला? सरळ बोल ना!"

आमची आत्या, गुणाबाई, म्हणजे कशी बाई तुम्हाला माहीत आहे. बाजारात कोळणी तिला वचकून असतात. पण तिने आवाज चढवला नाही. तिचा चेहरा पांढरा पडला.

"पोरा, मी तुला एकदाच दिली. पहिल्या दिवशी."

"मग रोज कोण ठेवतं?"

"मला वाटलं तुजी आय ठेवते."

आम्ही दोघांनी आईकडे बघितलं. ती झोपली होती. ताईच्या जागेवरचा दिवा कुठूनही वारा नसताना एका बाजूला कलला होता. आत्याने पदर तोंडाला लावला.

मी तिथे थांबायला पाहिजे होतं. नाही थांबलो. माझा स्वभावच तसा, आधी हात चालतो. मी तिची पिशवी दारातून बाहेर फेकली. तिने लुगडी एकेक करून गोळा केली.

"उद्या पिंडाला येईन," ती म्हणाली. "पण या घरातलं पाणी नाय पिणार. आणि तूबी नको पिऊस, पर्‍या."

या घरात जागं राहणारं ते एकच माणूस होतं. तिला मी घालवून दिलं.

दिवे लागायला आले तेव्हा मी एकट्याने पीठ पसरलं. चाळणीने, बारीक, एकसारखं. मधे दिवा. वर टोपली. टोपलीवर पाटा ठेवला, कोणी हलवू नये म्हणून. दाराला आतून कडी घातली, मागच्या दाराला लाकूड अडकवलं. घरातली सगळी भांडी उपडी घातली, माठ ओतून दिला. मग आईच्या पलंगाला पाठ लावून बसलो. म्हटलं, आता कोण येतं बघू. मी गोळी घेतली नव्हती. हात थरथरत होते, पण डोळे टक्क उघडे होते.

कधीतरी आवाज आला. टच्च.

बारीक आवाज. गोळी स्ट्रिपमधून बाहेर काढताना चांदी फाटते, तसा. आमच्या घरात दोन वर्षं तो आवाज रोज होता. मग मशीनच्या बाजूने बटणांच्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज. मला उठायचं होतं. पण तोंडात कडू चव होती. ओळखीची. मी तर काही घेतलं नव्हतं. घेतलं नव्हतं ना?

डोळे उघडले तेव्हा उजाडलं होतं.

आधी टोपली बघितली. पाटा जागेवर होता. कडी लागलेली होती. मी पाटा काढला, टोपली उचलली. दिवा जळत होता. पीठ अगदी सपाट. पाऊल नाही, नख नाही. फक्त दिव्याच्या पायाशी एक अंगठा दाबलेला, खोल, आणि त्या खळग्यात अर्धी गोळी. पिठाला कडेने जांभळी झाक.

मी आईकडे वळलो. पलंगाखाली पेला होता. सरळ. अर्धा भरलेला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आईचे ओठ निळे पडले होते. मी गालावर चापट्या मारल्या, ओरडलो, तिला खांद्यावर टाकलं आणि तुमच्या दारावर लाथा घातल्या. डॉक्टर म्हणाला, अर्धा तास उशीर झाला असता तर संपलं होतं. मग त्याने मला वेगळं नेलं आणि विचारलं, "हिला गोळ्या कोण देतं?" मी म्हटलं, शोधतोय. त्याने माझ्या थरथरत्या हातांकडे बघितलं. "आणि तू किती दिवस घेतोयस?" मी खरं सांगितलं. त्याने बजावलं, तुझ्या मनाने घेऊ नकोस, आणि आता मनाने तोडूही नकोस, उद्या इथे ये. तोपर्यंत एकटा राहू नकोस.

मी तिथून थेट मेडिकलला गेलो. निनादची गचांडी धरली. म्हटलं, कॅमेरा दाखव, नाहीतर दुकान फोडतो. त्याने दाखवला.

मंगळवार. म्हणजे परवा. चार वाजून वीस मिनिटं. दुकानात कोणी नाही, काका पेपर वाचतायत. दारातून एक माणूस येतो. निळा शर्ट. हा, जो माझ्या अंगावर आहे. मीच होतो, बाळूदादा.

चालत येतो तो माझ्यासारखा नाही, पाय ओढत. चिठ्ठी काउंटरवर दोनदा आपटतो. टक टक. ताई तसंच करायची. काका शिक्का मारतात. तो स्ट्रिप खिशात घालतो, पायरीवर थांबतो, अंगठा तोंडाला लावतो आणि चिठ्ठी पुसतो. डाव्या हाताने. मी उजव्या हाताचा आहे. मला डाव्या हाताने नीट घासही घेता येत नाही.

निनाद म्हणाला, "झोपेत होतं असं, परेश. या गोळीने होतं. माणूस उठतो, बाजारहाट करतो, गाडी चालवतो, आणि त्याला नंतर काही आठवत नाही." मला ते पटलं. खरं सांगतो, पटलं. आईला मारायला मीच निघालो होतो, हे समजूनही मला हायसं वाटलं. निदान समजलं तरी.

म्हणून मी आत्याला फोन लावला. माफी मागितली, रडलो. विचारलं, "परवा मंगळवारी चारला मी कुठे बाहेर गेलो होतो ग?"

"खयं जाशील? तू हितं दिव्याजवल झोपला व्हतास. मी तुज्या डोक्याशीच बसून लसूण सोलत व्हते. सा वाजेपर्यंत."

"नक्की?"

"तुजं तोंड उघडं व्हतं म्हणून मी माशी वारत व्हते रे... का विचारतंस?"

मी फोन ठेवला.

घरी येऊन बटणांचा डबा उघडला. चिठ्ठी होती. कडेला मीठ सुकलेलं, बोटाने खरवडलं तर निघत होतं. मोऱ्याला समुद्रात फेकलेली चिठ्ठी. मी ताईच्या कात्रीने तिचे तुकडे केले आणि चुलीत घातले. प्लॅस्टिकचा वास अजून घरात आहे, तुम्हालाही आला असेल. चुलत्यांनी पिंड दिला. कावळा शिवला म्हणतात. मी गेलो नाही. पीठ तसंच ठेवलंय, ते बघा.

म्हणून तुम्हाला बोलावलं. उद्या सकाळी हॉस्पिटलात जायचं आहे, तोपर्यंत मला झोपू देऊ नका. झोपलो तर हलवा. उठलो तर आधी माझा डावा अंगठा बघा. आता साफ आहे, हा बघा. आणि आई घरी येईपर्यंत या घरात कोणी दिलेलं काही तोंडाला लावू नका. मी दिलं तरी नको.

तुम्ही जांभई देताय. दमला असाल, सकाळपासून धावपळ. बोलत रहा माझ्याशी. बाळूदादा?

बाटली तर सीलबंदच आहे तुमची.

मग तुमच्या गुडघ्याजवळ तो पेला कसला आहे? रिकामा? मी तर तुम्ही आल्यापासून इथून उठलेलो नाही... बाळूदादा, डोळे उघडा. पाणी कोणी दिलं तुम्हाला?